हिरवं बटण

सोसायटीचा सचिव व्हायला पात्रता लागत नाही. वार्षिक सभेला उशिरा पोचलं की पुरतं. तोवर नाव सुचवून, अनुमोदन देऊन बाकीचे चहाला लागलेले असतात. मी असाच सचिव झालो. त्यामुळे गणपतीतल्या चौथ्या दिवसाच्या वक्त्यांनी दाढ दुखते म्हणून ऐनवेळी कळवलं, तेव्हा ती पोकळी भरणं माझ्याच अंगावर आलं.

"विषय काय लिहू?" चेअरमननी फळ्यापाशी उभं राहून विचारलं.

"एडीपी-रायबोसिलेशन," मी म्हणालो. चेअरमननी खडू खाली ठेवला.

लेक या विषयात पीएच.डी. करते. ती काय करते असं कोणी विचारलं की चार वर्षं मी "बायोमध्ये आहे काहीतरी" म्हणत आलो. आता बाप म्हणून जरा छाती काढायची होती.

तिने फोनवर तासभर शिकवलं. पहिली वीस मिनिटं उच्चारात गेली. "बाबा, तू सारखं रायबो-सिलेक्शन म्हणतोयस. कसली निवड चाललीये?" पुढचं मात्र कळलं, कारण ते थेट आमच्या उत्सवासारखं होतं. पेशीत एनएडी नावाचा रेणू असतो. काही एन्झाइमं त्याचा एडीपी-रायबोज हा तुकडा तोडून एखाद्या प्रथिनाला चिकटवतात आणि त्या प्रथिनाचं वागणं बदलतं. डीएनए तुटला की पार्प-१ हे एन्झाइम तिथे पोचतं आणि या तुकड्यांची माळच्या माळ लावतं, कधी दोनशे तुकड्यांपर्यंत. तोरण दिसलं की दुरुस्तीवाले जमतात. काम झालं की दुसरं एन्झाइम काही मिनिटांत तोरण उतरवतं. (आमची दिवाळीपर्यंत लटकतात.) मोडतोड हाताबाहेर गेली तर सगळी वर्गणी तोरणातच उडते, म्हणजे एनएडी संपतं आणि पेशी मरते. बीआरसीए जनुकं बिघडलेल्या कर्करोगाच्या पेशींत दुरुस्तीचा एक रस्ता आधीच बंद असतो. पार्पला अडवलं की उरलेलाही बंद होतो आणि तीच पेशी मरते. या तत्त्वावरचं ओलापॅरिब हे औषध २०१४ साली अंडाशयाच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. मी सगळं चौदा कागदांवर मोठ्या अक्षरात उतरवून घेतलं.

व्याख्यानाच्या संध्याकाळी मोटर रुसली. हिरवं बटण दाबून धरलं तर चालायची, बोट काढलं की बंद. टाकीतला फ्लोट तीन महिन्यांपासून बिघडलेला आणि त्याच्या दुरुस्तीचं कोटेशन माझ्याच फायलीत विचाराधीन. मी आगपेटीचं पुठ्ठं दुमडून बटणात खोचलं, वर चिकटपट्टी मारली आणि वॉचमनला बजावलं, "वीस मिनिटांनी पट्टी काढायची. विसरू नकोस." तो विसरणारा माणूस नव्हता. एवढं मी त्याच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

मांडवात अकरा जण होते. त्यातले चार प्रसादासाठी. एवढ्यांसमोर एडीपी-रायबोसिलेशन वाया घालवणं जिवावर आलं, म्हणून मी गेटवर जाऊन वॉचमनला दंडाला धरून आणलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. "विज्ञान सगळ्यांसाठी असतं," मी म्हणालो. तो काहीतरी सांगू पाहत होता. मी बोटाने गप्प केलं.

डीएनएपाशी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना डुलकी लागली. मग मी कॉलऱ्यावर आलो. १९५९ साली कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून घेतला. कॉलऱ्याचे जंतू ज्या द्रवात वाढवले होते तो गाळून, जंतू पार काढून, नुसतं गाळलेलं पाणी त्यांनी आत सोडलं. जंतू एकही नाही, तरी तुकडा टम्म फुगला. म्हणजे घात करतं ते जंतूंनी सोडलेलं विष! काकू जाग्या झाल्या. मला अवसान चढलं.

"हे विष करतं काय? आपल्या आतड्याच्या पेशीत जी-प्रथिन नावाचं एक बटण असतं. ते चालू होतं, काम उरकतं आणि आपलं आपण बंद होतं. विष त्यावर एडीपी-रायबोजचा एक, फक्त एक तुकडा चिकटवतं. झालं! बटण चालू ते चालूच! पेशी क्षार बाहेर टाकत राहते, मागोमाग पाणी. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, कधी तासाला लिटरभर! आणि हे सगळं कशामुळे? एका चिकटवलेल्या..."

इथे मी परिणामासाठी थांबलो. त्या शांततेत वरून धो धो आवाज आला.

"पाऊस," खजिनदार म्हणाले. मांडवाच्या कापडाला माझ्या डोक्यावर पोट सुटत होतं. सशाच्या आतड्यासारखं. पहिल्या रांगेतून वॉचमन ताडकन उठला. "साहेब, पट्टी!" एवढंच तो म्हणाला आणि कापड फाटलं.

गणपती मखरात कोरडे राहिले. चौदा कागद आणि मी, दोघांची शाई उतरली. मागच्या खुर्चीवरच्या एका पोराने तरीही हात वर केला. "काका, मग कॉलऱ्यावर उपाय काय?" निथळत निथळत मी सांगितलं, की बटण लगेच बंद करता येत नाही, म्हणून गेलेलं पाणी भरून काढायचं. साखर आतड्यातून आत शिरताना मिठाला सोबत नेते, मिठामागून पाणी जातं, आणि ती वाट विषाने बंद होत नाही. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर कितीतरी जीव वाचवले. संपूर्ण व्याख्यानातलं एवढंच मी कागदाविना बोललो, आणि टाळ्या तेवढ्यालाच पडल्या.

रात्री लेकीला सगळं सांगितलं. ती हसून हसून दमली. मग म्हणाली, "बाबा, तू जी-प्रथिन नव्हतास, विष होतास. बटणावर चिकटवलंसही तू, आणि बंद करणाऱ्याला उचलून नेलंसही तूच."

फ्लोटचे पैसे मी खिशातून भरले. इतिवृत्तात खजिनदारांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं आहे: "सचिवांचे व्याख्यान प्रात्यक्षिकासह पार पडले."