अडीचने भागा

वीस वर्षं बँकेच्या कर्जखात्यात काढल्यामुळे समोर बसलेल्या माणसाची पत किती, जामीनदार कोण आणि सातबाऱ्यावर चुलत्याचं नाव अजून का आहे, हे मी चहा येईपर्यंत काढून घेतो. त्यामुळे मुलीला कंपाउंड धनुष्य घ्यायचं ठरलं तेव्हा मला वाटलं, ही काय मोठी गोष्ट! शिवाय राहतो साताऱ्यात. ऑगस्ट 2023 मध्ये आमची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी बर्लिनला विश्वविजेती झाली. त्याच दिवशी, नागपूरचा पण साताऱ्यात सराव करणारा ओजस देवतळे पुरुषांत जिंकला, तोही 150 पैकी 150 गुण मिळवून. तेव्हापासून गावात पेढा कंदी आणि धनुष्य कंपाउंड, असा रिवाज आहे.

हे धनुष्य म्हणजे रामाच्या हातात दिसतं ते नव्हे. दोन्ही टोकांना चाकं, त्यांना म्हणतात कॅम. ती पुरती गोल नसतात आणि आसही मधोमध नसतो. अमेरिकेत मिसुरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी एका धडधाकट धनुष्याची टोकं कापून तिथे चाकं बसवली आणि 1969 मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. (घरच्यांनी करवत वेळीच काढून कशी घेतली नाही, हे पेटंटात लिहिलेलं नसावं.) गंमत अशी की चाळीस पौंडांचं धनुष्य पूर्ण खेचलं की हातावर जेमतेम दहा पौंड उरतात. कर्जात सुरुवात हलकी आणि शेवट जड, इथे बरोबर उलटं. मला हे यंत्र तिथेच आवडलं.

किंमत मात्र आवडली नाही. होइट, मॅथ्यूज ही या धंद्यातली खानदानी घराणी. त्यांचे आकडे ऐकून मी उभा होतो तो बसलो. तेव्हा एका परदेशी कंपनीचं धनुष्य निम्म्या किमतीत दिसलं. नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. मुलीला धनुर्विद्या शिकवणाऱ्या सरांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, ‘‘दिसतंय बरं. चौकशी करा, साहेब.’’

चौकशी करा, हे मला सांगायचं नसतं. जूनमध्ये सुरुवात केली.

आधी कारखान्याचा पत्ता उपग्रहाच्या नकाशावर काढला. निळं पत्र्याचं छप्पर, पुढे एक टेम्पो, गच्चीवर वाळत घातलेली चादर. चादर बघून जरा धीर आला, माणसं राहतात म्हणजे पळून जाणार नाहीत. मग वेग तपासला. जाहिरातीत सेकंदाला 330 फूट लिहिलं होतं. खोदल्यावर कळलं की हा आकडा सत्तर पौंडांचा ताण, तीस इंचांची खेच आणि 350 ग्रेनचा हलका बाण धरून काढायची पद्धत आहे. स्पर्धेत साठ पौंडांच्या वर परवानगीच नाही, आणि माझी मुलगी खेचते पस्तीस. म्हणजे हे मोटारसायकलच्या कंपनीने सांगितलेलं ॲव्हरेज झालं. आपल्या रस्त्यावर, आपल्या बायकोला मागे बसवून ते कुणाला मिळालंय? खानदानी घराणीही असंच मोजतात, हे कळल्यावर या कंपनीबद्दल उगाच आपुलकी वाटली.

वॉरंटीचा कागद मी कर्जाच्या करारासारखा वाचला. बाण न लावता दोरी सोडली तर वॉरंटी खलास. बाणात जायची ती सगळी शक्ती धनुष्यातच राहते आणि त्याच्या पात्यांना, म्हणजे लिंब्जना, तडा जातो. आमच्या मैदानावर ‘बघू जरा’ म्हणून हात पुढे करणारा एक काका रोज असतोच. जनकाच्या दरबारात धनुष्य मोडलं तर सीता मिळाली, इथे दुरुस्तीही मिळत नाही. परतीच्या अटी तर त्याहून कडक. वापरून झालेलं धनुष्य मूळ पुरवठादाराने परत घेतल्याचं एकच उदाहरण मला आठवतं, ते गांडीव. अर्जुनाने ते वरुणाला पाण्यात सोडून परत केलं. पैसे मिळाले का, व्यासांनी लिहिलेलं नाही.

तडा तपासायची रीत सरांनी दाखवली. कापसाचा बोळा पात्यावरून फिरवायचा, तंतू अडकला की तिथे चीर. सरावाला मी क्लबच्या जुन्या धनुष्यावरून देवघरातला वातींचा कापूस फिरवून बघितला. संध्याकाळी दिवा लावताना बायको म्हणाली, ‘‘अहो, पोरगी नेम धरायला जातेय. तुम्ही धनुष्यावरच नेम धरून बसलात.’’

शेवटी सरांनी एक प्रश्न दिला. ‘‘माप वाढलं की मॉड्यूल मिळेल का, एवढंच विचारा.’’ मॉड्यूल म्हणजे कॅमवर स्क्रूने बसणारा, बोटाच्या पेराएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा. खेच किती इंचांची, हे तो ठरवतो. काही कंपन्यांचा तुकडा ॲलन कीने सैल करून पुढे सरकवता येतो. काहींचा मात्र दर अर्ध्या इंचाला नवा घ्यावा लागतो. हे धनुष्य त्या दुसऱ्या जातीचं. कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, ‘‘प्रिय मित्रा, निळा रंगही उपलब्ध आहे.’’ पुन्हा लिहिलं. ‘‘प्रिय मित्रा, दोन घेतल्यास सवलत.’’ तिसऱ्यांदा मी मॉड्यूलचं चित्र काढून पाठवलं. ‘‘प्रिय मित्रा, सुंदर चित्र.’’

इतका गोड कर्जदार मी एकदाच पाहिला होता. त्याचं खातं अजून बुडीतात आहे.

डिसेंबरमध्ये एका स्पर्धेला गेलो, तर तिथे मांडवाच्या खांबाला तेच धनुष्य टेकवलेलं. निळं! शेजारी परभणीकडचे एक गृहस्थ दशमी खात होते. मी जवळजवळ त्यांच्या डब्यात बसलो.

‘‘कसं आहे हो हे?’’

‘‘एक नंबर. नाव ठेवायला जागा नाही.’’

‘‘मग विकायला का ठेवलंय?’’ चिठ्ठी चिकटवली होती, म्हणून विचारलं.

‘‘पोरगं वाढलं ना.’’ त्यांनी लांब हात करून समोरच्या उंच मुलाकडे दाखवलं. ‘‘पंचवीस इंचाचा तुकडा लावलाय. साडेपंचवीसचा आठ महिने मागतोय. ते म्हणतात, प्रिय मित्रा.’’

आम्ही दोघं थोडा वेळ काहीच बोललो नाही. मग त्यांनी दशमीचा अर्धा तुकडा पुढे केला आणि म्हणाले, ‘‘तुमच्या मुलीचं माप किती?’’

मी ताठ झालो. जूनमध्ये मीच घेतलं होतं. दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंत बासष्ट इंच. त्याला अडीचने भागायचं, आलं 24.8. म्हणजे पंचवीस! पत तपासलेली, कापूस फिरवता येईल असं, समोर उभं असलेलं धनुष्य आणि पाव किमतीत. उद्या सकाळी पैसे आणतो म्हणून शब्द देऊन आलो.

घरी आल्यावर सवयीने म्हटलं, खात्री करून घेऊ. मुलीला भिंतीशी उभं केलं, हात पसरायला लावले. टेपचं एक टोक माझ्याकडे, दुसरं बायकोकडे. जूनमधली पेन्सिलीची खूण तिच्या बोटाच्या बरीच अलीकडे राहिली होती.

‘‘चौसष्ट,’’ बायको म्हणाली. ‘‘भागा आता अडीचने.’’