समेआधीचा हॉर्न

मामाला सिम्फनी ऐकायला न्यायचं ठरलं, तेव्हा त्याला सोनाटा फॉर्म शिकवायची जबाबदारी मी आपण होऊन घेतली. दादर ते चर्चगेट एवढा वेळ पुरेसा होता. टिपण काढून सांगितलं, "तीन भाग. एक्स्पोझिशनमध्ये दोन विषयांची ओळख, डेव्हलपमेंटमध्ये त्यांची पिंजण, रिकॅपिट्युलेशनमध्ये दोघंही घरी परत."

"पट्टी कुठली?"

"ई फ्लॅट मेजर."

"काळी दोन म्हण की!" चाळीस वर्षं पेटी वाजवलेला माणूस निश्चिंत झाला.

बेथोव्हेनची तिसरी सिम्फनी, 'एरोइका'. दोन दणके आणि लगेच चेलोंवर पहिला विषय. मी टिपणावर बरोबरची खूण केली. थोड्या वेळाने मामा कुजबुजला, "षड्जच हलवला की रे! काळी पाचवर गेले." टिपणात होतं : 'दुसरा विषय, बी फ्लॅट.' म्हणजे काळी पाचच. "आपल्याकडे असं केलं तर तानपुरेवाला उठून जाईल," मामा म्हणाला.

मी डेव्हलपमेंटसमोर खूण केली आणि नेमकी सुरुवातीचीच चाल पुन्हा सुरू झाली. मी हादरलो. "स्थायी परत घेतली," मामा शांतपणे म्हणाला. मी खूण खोडली.

खरी डेव्हलपमेंट आली आणि मी पार हरवलो. विषयांचे तुकडे या वाद्यातून त्या वाद्यात पळत होते. त्यात बेथोव्हेनने मधेच ई मायनरमध्ये एक नवीनच चाल आणून बसवली. पंगत अर्ध्यावर आली असताना आलेल्या या पाहुण्याची टिपणात सोय नव्हती. मामा मात्र डोळे मिटून मांडीवर बोटं आपटत होता. हळूहळू सगळं विझत गेलं. व्हायोलिनं पंचमाभोवती नुसती थरथरत राहिली आणि तेवढ्यात हॉर्नने हळूच पहिला विषय घेतला, थेट षड्जावरून.

मामाने खाडकन डोळे उघडले. "अरे, हा समेआधीच आला!"

आवाज चार रांगा पुढे गेला. माना वळल्या. मी "शू, शू" करेपर्यंत वाद्यवृंद गरजला, चेलो काळी दोनवर परतले आणि मामाची मान बरोबर समेवर पडली.

परतीच्या गाडीत मी मामाला सांगितलं, की हॉर्न चार बार आधी येतो, पण चुकून नाही. बेथोव्हेनने तसंच लिहिलंय. 1804 च्या तालमीत त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या फर्डिनांड रीसलाही वाटलं, हॉर्नवाला मोजायला चुकला. तसं तो बोललाही आणि बेथोव्हेनची थप्पड थोडक्यात हुकली. रीसनेच पुढे आठवणींत लिहून ठेवलंय.

"कोण हा रीस?"

"बेथोव्हेनचा शिष्य."

"चांगला शिष्य. सम कुठे आहे ते ठाऊक होतं त्याला."

मी टिपण उघडलं. रिकॅपिट्युलेशनसमोर खूणच नव्हती. ती आली तेव्हा मी मामाला गप्प करत होतो.