मोती त्यांचे, शहर आपले

परदेशी कारखान्यातून माल घेण्याच्या रीती मुख्यतः तीन. आराखडा आपला आणि घडण त्यांची, ही पहिली. आराखडाही त्यांचाच, किरकोळ फेरफार आपले, ही दुसरी. तयार मालावर नुसती आपली चिठ्ठी, ही तिसरी. पहिलीत साच्याचा खर्च अंगावर येतो, तिसरीत फक्त चिठ्ठीचा.

हैदराबादने चौथी रीत काढली: माल कुठलाही असो, नाव शहराचे. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, तरी हे ‘मोत्यांचे शहर’. निजामांच्या काळी मोती इराणी आखातातून येत. १८९३ मध्ये जपानात मिकिमोतो या उद्योजकाने संवर्धित मोती पिकवला. पुढे चीनने गोड्या पाण्यात तो ढिगाने काढला. तिथला एकेक शिंपला डझनावारी मोती देतो आणि आराखड्याचे पैसे मागत नाही.

हैदराबादच्या पत्थरगट्टी या मोतीबाजाराच्या वाट्याला भोक पाडणे, प्रतवारी आणि ओवणे उरते. कसब खरेच, पण पाटीवर कसबाचे नाव नसते, मोत्याचे असते. चोखंदळ गिऱ्हाईक मोती दातावर घासते. खरखर लागली की मोती खरा. गाव कुठले, हे दाताला कळत नाही; आणि धंद्याला एवढे पुरते.