स्वयंपाकघरातली ऊस परिषद

जयसिंगपुरात ‘रिकव्हरी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. कारखान्याची रिकव्हरी म्हणजे शंभर किलो ऊस गाळल्यावर साखर किती निघाली. ती आमच्या फडाची तोड आली की नेमकी पडते. पतसंस्थेची रिकव्हरी म्हणजे एका मोटारसायकलवरून आलेली दोन माणसं. ती ‘जरा पाणी द्या वहिनी’ म्हणत आत येतात, टीव्ही किती इंची आहे ते नजरेनंच मोजतात आणि ‘साहेबांनी सहज बघून या म्हणून सांगितलंय’ म्हणत खुर्ची ओढून बसतात. पहिली रिकव्हरी अकरा-बारा टक्क्यांत घुटमळते. दुसरी शंभर टक्के झाल्याशिवाय तांब्यातलं पाणीसुद्धा संपवत नाही.

मी पेठेत एका अडत दुकानात दिवाणजी आहे. शाहू महाराजांनी आपल्या जन्मदात्या वडिलांच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं वसवलेलं हे गाव. रस्ते फूटपट्टीनं आखल्यासारखे, गल्ल्यांना नंबर. गावच असं वहीतल्या रकान्यांसारखं आहे की इथं जन्मलेल्या माणसाचा हिशेब चुकायलाच नको. दिवसभर मी दुसऱ्याच्या खात्यातला एक रुपया सापडेपर्यंत जेवायला उठत नाही. संध्याकाळी घरी येतो तेव्हा माझे स्वतःचे हजारांनी हरवलेले असतात आणि त्यांची चौकशी करायची माझी हिंमत नसते.

पगार सोळा हजार. उदगावच्या मळीत दीड एकर ऊस. आणि कर्जं चार, चारही वेगवेगळ्या स्वभावाची.

सगळ्यात गोड स्वभावाचं सोसायटीचं पीककर्ज. मुदतीत फेडलं तर तीन लाखांपर्यंत व्याज शून्य, सरकार भरतं. आता मार्चअखेरीला मुद्दल भरायला पैसे कुठले? मग ‘नवं-जुनं’ करायचं. म्हणजे खासगीतून आठ दिवसांसाठी रक्कम उचलायची, सोसायटीत भरायची, पावती घ्यायची, नवं कर्ज मंजूर झालं की उचलून खासगीवाल्याला द्यायची. गेल्या खेपेला मी भरलेल्या बंडलावर निळ्या पेनानं कुणीतरी ‘चि. सौ. का.’ असं लिहिलेली एक नोट होती. पुढच्याच आठवड्यात ती मला परत भेटली. दोघांनाही संकोच वाटला. खासगीवाला आठ दिवसांचं व्याज महिन्याचं धरून घेतो, त्यामुळे शून्य टक्क्याचं कर्ज मला दरसाल शून्याहून बरंच वर पडतं. पण कागदावर मी नियमित कर्जदार आहे, आणि या गोष्टीचा आमच्या आईला मनापासून राग आहे. 2017 ला दीड लाखापर्यंतची माफी आली, ती थकबाकीदारांना. 2019 च्या डिसेंबरात दोन लाखांपर्यंतची आली, तीही थकबाकीदारांनाच. नियमित भरणाऱ्यांना पन्नास हजार प्रोत्साहनपर द्यायचं ठरलं, त्याचे हप्ते 2022 साली कुठं सुटू लागले.

“दोन्ही डाव चुकलास,” आई म्हणते. “तुला भरायची घाईच लई.”

दुसरं कर्ज सोन्यावरचं. 2019 च्या ऑगस्टात मळीवर पाणी चढलं, ऊस कुजला आणि मंडळींच्या तीन तोळ्यांच्या पाटल्या तिजोरीत गेल्या. तेव्हा तोळा चाळीस हजारांच्या आत होता. आज लाखाच्या कितीतरी पुढं गेलाय. आमच्या घरात सहा वर्षांत किंमत वाढली ती फक्त या पाटल्यांची, आणि त्या घरात नाहीत. दरवर्षी व्याज भरून त्यांचंही नवं-जुनं होतं. मध्यंतरी फोन आला, “सर, तुमच्या दागिन्यांवर आणखी रक्कम मिळू शकते.” मी हळूच ‘किती?’ विचारलं. स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज आला. मी राँग नंबर म्हणून ठेवून दिला.

तिसरं पतसंस्थेचं, मुलीच्या लग्नाचं. त्यालाच 2023 च्या अधिक श्रावणात धोंड्याचा टॉप-अप बसला. जावयाला तेहतीस अनारसे आणि चांदीचं ताट द्यावं लागतं, आणि चांदीचं ताट हप्त्यानं देता येत नाही, घेता येतं. चौथं चिरंजीवांच्या मोटारसायकलचं. ती ‘पेट्रोलची बचत होईल’ या मुद्द्यावर घेतली होती.

आता काटकसरीचं. काटकसर आमच्याकडं नवी नाही, ती दर सहा महिन्यांनी होते आणि दर वेळी विजेपासून सुरू होते. बिल तसं वाचनीय असतं. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यावर सोळा टक्के विद्युत शुल्क. आकार इतके की वीज नेमकी कुठल्या ओळीत आहे ते शोधावं लागतं. शंभर युनिट ओलांडले की पुढच्या युनिटचा दर दुपटीच्या घरात जातो, म्हणून एकवीस तारखेपासून आई मीटरखाली स्टूल टाकून बसते. अठ्ठ्याण्णव झाले की ‘फ्रीज बंद’ अशी आरोळी येते. मे महिन्यात या आरोळीनं दोन लिटर दूध नासलं. त्याचं पनीर करायचं ठरलं, पनीरला गॅस लागला, आणि युनिट शेवटी एकशे चार झालेच. कागदी बिल नको म्हटलं तर दर बिलामागं दहा रुपये सूट मिळते. ती मी घेतली. मग कुठल्याशा अर्जाला बिलाची प्रत लागली, ती मोबाइलवरून छापून घ्यायला झेरॉक्सवाल्यानं दहाच रुपये घेतले. हिशेब बरोबर जुळला. माझ्या आयुष्यात क्वचित जुळतो, म्हणून सांगितला.

मोबाइलची तर कथाच निराळी. रिचार्ज अठ्ठावीस दिवसांचा, म्हणजे वर्षाला तेरा. पंचांगात अधिक महिना तीन वर्षांनी एकदा येतो, या मोबाइल कंपन्यांचा दरवर्षी येतो. यांना धोंडा द्यावा लागतो तो वर, आणि हे काही आपले जावई नव्हेत.

मटण बंद करायचा ठरावही एकदा आला होता. तो मी मांडला, मीच मागं घेतला. ज्या जिल्ह्यात 2019 साली मटणाच्या दरासाठी कृती समिती निघाली, आंदोलन झालं, बैठका झाल्या, तिथं एका दिवाणजीनं रविवार सोडायचा म्हणजे पाठीमागनं वार करण्यासारखं आहे.

अशी एकंदर परिस्थिती असताना दिवाळीच्या तोंडावर विक्रमसिंह मैदानावर ऊस परिषद झाली. ती दरवर्षी असते. राजू शेट्टी बोलतात, हंगामाची पहिली उचल किती हवी ते ठरतं, कारखानदारांना मुदत दिली जाते, आणि मी दरवर्षी पुढच्या रांगेत बसून शिट्टी वाजवतो. यंदाही वाजवली. केंद्रानं 2025-26 च्या हंगामाला सव्वादहा टक्के उताऱ्याला टनाला 3550 रुपये एफआरपी धरलीय, त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, काट्यात मारतात ते वेगळंच, आणि उरलेलं तुकड्या-तुकड्यांनी. ‘एकरकमी!’ म्हणून मी असा ओरडलो की शेजारच्या माणसानं मला खडीसाखर दिली.

रात्री साडेदहाला घरी आलो तर स्वयंपाकघरात दिवा चालू. शंभर युनिटांची मर्यादा असताना साडेदहाला दिवा चालू म्हणजे काहीतरी गंभीर. ओट्याशी मंडळी, पाटावर आई, फ्रीजला टेकून चिरंजीव. मधे माझी पगाराची वही उघडी.

“घसा बसला न्हवं?” मंडळी म्हणाल्या. “बरं झालं. आता नुसतं ऐका.”

चिरंजीव बी.कॉम.ला आहेत. त्यांनी वाचायला सुरुवात केली. एकूण उत्पादन सोळा हजार. त्यातून पतसंस्था सहा हजार दोनशे आणि गाडी तीन हजार एकशे पन्नास गेले की राहतात सहा हजार सहाशे पन्नास. घरात येतात चार हजार. मधले दोन हजार सहाशे पन्नास कुठं जातात?

“पेट्रोल बाराशे,” मी खोल गेलेल्या आवाजात म्हणालो. “चहा सहाशे.”

“आणि साडेआठशे?”

“इतर.”

“म्हंजे तोडणी-वाहतूक,” आई म्हणाली. आईचं शिक्षण चौथीपर्यंत झालंय, पण उसाचं बिल ती उलटं धरूनही वाचते. “आणि ह्यो चहा म्हंजे खुशाली. फडात ट्रॅक्टरवाल्याला देतोस ती येगळी, आणि चौकात दोस्तांना देतोस ती येगळी.”

मंडळींनी दुसरा मुद्दा घेतला. चार हजार तरी एकदम येतात का? सात तारखेला दोन हजार, पंधराला एक, आणि उरलेला एक ‘बघू सणाला’. कारखाना तरी निराळं काय करतो? मी म्हणालो की बाजार मंदा आहे, शेठची वसुली अडकलीय, परिस्थितीनुसार टप्प्याटप्प्यानं द्यावं लागतं. वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि ते मी कुठं ऐकलंय ते आठवलं. साखरेचा किमान विक्री दर 2019 पासून किलोला एकतीस रुपयांवर अडकलाय, आम्ही तरी कुठून द्यायचं, असं प्रत्येक चेअरमन ज्या सुरात म्हणतो तो सूर हुबेहूब उतरला होता. नुसती पांढरी टोपी तेवढी नव्हती.

“एफआरपीचे तुकडे करायचा सरकारचा 2022 चा निर्णय हायकोर्टानं मार्च 2025 मध्ये रद्द केलाय,” चिरंजीव मोबाइलवर बघत म्हणाले. “तुम्हीच त्या दिवशी पेढे आणले होते, पप्पा.”

पेढे पाव किलो होते. ते ‘इतर’मध्ये होते.

मी समितीपुढं नेहमीचा पर्याय ठेवला. आणखी काटकसर करू. आईचं रतिबाचं अर्धा लिटर कमी करू, टीव्हीचे चॅनेल कमी करू, मधल्या खोलीतला दिवा काढू. आईनं शांतपणे विचारलं, “आजवर कमी केलंस त्यातलं तुझं काय होतं?” मी आठवायला लागलो. दूध आईचं. चॅनेल मंडळींचे. दिवा चिरंजीवांच्या अभ्यासाचा. खूप आठवल्यावर एक निघालं, वर्तमानपत्र बंद केलं होतं. तेव्हापासून मी ते चौकात वाचतो. चहाबरोबर.

मग मंडळींनी स्वतःचं खातं उघडलं. ‘लाडकी बहीण’चे पंधराशे जुलै 2024 पासूनचे, अधूनमधून लांबले तरी बँकेत येणारे. या घरात सरकारकडून थेट पैसा मिळवणारं एवढं एकच माणूस, ते मी आजवर लक्षात घेतलं नव्हतं. त्यातून त्यांनी गल्लीत बायकांची भिशी धरली होती. भिशीचा नंबर लागल्यावर रक्कम मला दाखवायचं त्यांनी टाळलं होतं. का टाळलं ते विचारायचं मीही टाळलं. त्या पैशानं पतसंस्थेचे दोन थकलेले हप्ते गेल्या महिन्यात भरले गेले होते. मोटारसायकलवरची दोघं माणसं अलीकडं का येईनाशी झाली याचं मला आश्चर्य वाटत होतंच. मी ते माझ्या वजनाला लावत होतो.

“भिशीतनं दिलंय,” त्या म्हणाल्या. “भिशीला शेकडा दोन लागतं महिन्याला. तुम्हाला दीड लावते.”

आता मला पाच कर्जं झाली.

रात्री बाराला तडजोड झाली. पहिली उचल साडेपाच हजार, एकरकमी. पेट्रोल आणि चहा मिळून साडेअकराशे, आणि ‘इतर’ हा रकाना रद्द. काट्याचा प्रश्न चिरंजीवांनी सोडवला. शेठ पगार फोनवर टाकतात, तो मेसेज आल्याआल्या घरातल्या सगळ्यांना दिसायला हवा. वजन बाहेरच्या काट्यावर करून आणायची मागणी शेतकरी किती वर्षं करतोय, आमच्याकडं ती दहा मिनिटांत मान्य झाली. ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे, नाहीतर पंधरा टक्के व्याज, असा 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम आहे. तो मीच दरवर्षी आईला समजावून सांगत आलोय. तिनं उठून कॅलेंडरवर चौदा तारखेला खडूनं गोल केला.

“न्हाई आलं तर?” मी विचारलं.

“तर जप्ती,” आई म्हणाली आणि माझ्या मोटारसायकलच्या किल्लीकडं बघितलं. गाडी चिरंजीवांची आहे, पण त्या क्षणी कुणी हरकत घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी क्रांती चौकात गेलो. नेहमीचं टोळकं होतं. रात्री मैदानावर माझी शिट्टी ऐकलेले दोघं होते. मी एकच कटिंग सांगितला, तोही रोख.

“काय दिवाणजी, काय ठरलं मग शेवटी?” एकानं विचारलं.

माझ्या डोक्यात रात्रीचंच चाललं होतं.

“पहिली उचल ठरली,” मी म्हणालो. “साडेपाच हजार. एकरकमी.”

कपबशी हातातच राहिली त्याची. “साडेपाच हजार? टनाला?”

पलीकडच्या बाकावरची चार माणसं उठून आमच्याकडं यायला लागली होती.