सुभद्रा दोन, पडद्याला कुणी नाही

सांगलीत राहणाऱ्या माणसाला नाटक करावंसं वाटलं तर त्यात त्याचा फारसा दोष नसतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथेच ‘सीतास्वयंवर’ केलं, गोविंद बल्लाळ देवल पलीकडच्या हरिपूरचे, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर गावातलेच. एवढ्या भांडवलावर आम्ही स्वतःला नाट्यपंढरीचे रहिवासी म्हणवून घेतो. आता पंढरपुरात घर असून कधी देवळात न गेलेल्या माणसाकडे पाहुणे ज्या नजरेनं बघतात, ती नजर आयुष्यभर कोण सोसणार? म्हणून प्रत्येक गल्लीत दर काही वर्षांनी कुणीतरी नाटकमंडळी काढतं. यंदा आमच्या कॉलनीची पाळी होती.

निमित्त झालं गणेशोत्सवातल्या कराओकेचं. दरवर्षी तीच माणसं, तीच गाणी आणि मागच्या वर्षीच चुकलेला तोच अंतरा. आरती झाल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक काका माइक हातात घेऊन म्हणाले, “स्थानिक कलागुणांना वाव मिळाला पाहिजे.” प्रचंड टाळ्या पडल्या. या वाक्याला विरोध कधीच होत नाही, कारण ऐकणारा प्रत्येक जण ते आपल्याविषयीच आहे असं धरून चालतो.

कॉलनीत ज्याला अजिबात गाता येत नाही असा मी एकटाच, हे सर्वांना ठाऊक होतं. त्यामुळे माझी कार्यवाह म्हणून एकमतानं निवड झाली.

पहिली सभा नावावर गेली. ‘मंडळी’, ‘मंडळ’ की ‘प्रतिष्ठान’ इथपासून वाद सुरू झाला आणि रात्री अकराला भडंग संपल्यावर थांबला. पावतीपुस्तकं मात्र छापायला द्यायचीच होती, तेव्हा नावाची जागा कोरी सोडून दिली. वर्गणी त्यावरच जमली. आपण कुणाला पैसे दिले हे विचारायला एकही जण परत आला नाही.

कुणाच्या मनात शंका असेल तर सांगतो, मराठी संगीत नाटकाचा पायाच नोकरदारांनी घातला आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात पारशी मंडळींचा ‘इंद्रसभा’चा प्रयोग पाहिला आणि असं गाण्यांचं नाटक मराठीत का नको, असं त्यांना वाटलं. स्वतः सरकारी कचेरीत कामाला, तरी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलंसुद्धा. म्हणजे कचेरीतल्या माणसानं नाटक काढणं ही परंपराच म्हणायची. आमच्याकडे तर बँक, पोस्ट, एसटी आणि पाटबंधारे अशी चार खाती होती. फक्त अण्णासाहेबांनी नाटक लिहिलंही होतं. आम्ही सध्या खर्चाचा अंदाज लिहिला.

नाटक ठरलं ‘सौभद्र’, १८८२ सालचं. ‘संशयकल्लोळ’ मागे पडलं, कारण बायकोवर सतत संशय घेणारा फाल्गुनराव व्हायला एकही नवरा तयार होईना. दोघे जण तर घरी विचारून सांगतो म्हणाले. शिवाय ‘सौभद्र’मध्ये शंभराहून अधिक पदं. खजिनदारांनी विचारलं, “लेखकाचं मानधन किती?” किर्लोस्कर १८८५ साली गेले आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे हक्क संपतात, असं मी सांगताच त्यांचा चेहरा उजळला. “पुढेही असेच लेखक बघत चला,” म्हणाले.

मग निवड चाचणी. चाचणी द्यायला म्हणून कुणीच आलं नाही, सगळे मैफल करायला आले. एक वहिनी स्वतःचा तानपुरा घेऊन आल्या. तो मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला, म्हणजे ऐनवेळी नकार देणार कोण? एसटीतून निवृत्त झालेले काका नारदासाठी शेंडी बांधूनच आले होते. अर्जुनासाठी मधुमेहाचे रुग्ण जास्त, कृष्णासाठी रक्तदाबाचे. सुभद्रेला दोन दावेदार, दोघींचा गळा उत्तम आणि दोघींचे यजमान कार्यकारिणीवर.

इतिहासात असा पेच एकदा पडला होता. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं, तेव्हा बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. दोन मंडळ्यांचे दोन मालक एका रंगमंचावर. पण त्यांच्या भूमिका निदान वेगळ्या होत्या. आमच्याकडे तोडगा निघाला तो असा : मध्यंतरापर्यंत एक सुभद्रा, मध्यंतरानंतर दुसरी. पहिली काळी चारमध्ये गाणार, दुसरी काळी पाचमध्ये आणि अर्जुन काळी एक सोडायला तयार नाही. ऑर्गन वाजवणारे गुरुजी फक्त एवढंच म्हणाले, “बाकी काळ्या मी घरी ठेवून येतो.”

ऑर्गनविषयी सांगायला हवं. तो एका जुन्या वाड्यातून मिळाला. त्यानं कृष्णेचा २००५चा महापूर पाहिला होता आणि २०१९चाही. मधल्या सप्तकातला एक स्वर पायानं कितीही भाता मारला तरी गप्प राहायचा आणि एक स्वर कुणी हात न लावता वाजायचा. गुरुजींनी गप्प स्वर टाळून पदं बसवली आणि बोलका स्वर नारदाच्या प्रवेशांना दिला. आमचा नारद त्यामुळे स्टेजवर येण्याआधी ऐकू येई. हा योग जुन्या कंपन्यांनाही साधला नसेल.

एवढं सगळं जमलं आणि मग खरी अडचण पुढे आली. नायक होते, नायिका जास्तच होत्या, रुक्मिणी आणि कुसुमावतीसाठी राखीव यादी होती. पण पडदा कोण ओढणार? पेट्या कोण उचलणार? प्रॉम्प्टर कोण? द्वारपाल म्हणून दोन अंक भाला धरून मुकाट्यानं कोण उभं राहणार? कॉलनीत असा माणूस सापडेना. ज्याला विचारावं तो म्हणे, “उभा राहतो, पण एक साकी द्या.” घटोत्कचाला आमच्या प्रतीत एकही पद ठेवलं नव्हतं. ते कळल्यावर पाटबंधारे खात्यातले ते धिप्पाड काका दोन दिवस तालमीला आले नाहीत. शेवटी सुभद्रेला उचलून नेताना त्यांनी मागे आलाप घ्यावा, यावर तडजोड झाली. सुभद्रेचं वजन पाहता तो आलाप आपोआपच निघाला असता.

स्थानिक कलागुणांना वाव देण्यासाठी जग निघालेलं असतं. खरी टंचाई असते ती गुण नसलेल्या किंवा असले तरी खिशात ठेवणाऱ्या माणसांची. जुन्या कंपन्यांच्या आठवणी वाचताना मी पूर्वी गाण्यांवर थांबायचो, आता पडदे, पेट्या आणि आचारी आले की थांबतो. बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरणाऱ्या त्या मंडळ्यांत रंगवलेले पडदे रात्रीतून गुंडाळून बैलगाडीत घालणारी माणसं कुठली असतील? त्यांच्यावर कुणी चरित्रं लिहिली नाहीत. त्यांच्याशिवाय मात्र भाऊराव कोल्हटकरांसारख्या गायक नटालासुद्धा माळावर उभं राहूनच गावं लागलं असतं.

प्रॉम्प्टर मिळाले ते गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांचा आवाज चाळीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला, आता तो विंगेत कसा मावणार? प्रयोगात झालं असं, की दुसऱ्या अंकात बलराम अडला. मास्तरांनी वाक्य दिलं, बलरामानं ते नीट म्हटलं नाही, तेव्हा मास्तरांनी ते पुन्हा दिलं आणि वर “नीट ऐक!” असंही दिलं. बलरामानं तेही म्हटलं. समोर अर्जुन यतीच्या वेशात बसला होता. प्रेक्षकांना तो बलरामाचा दरारा वाटला आणि टाळी पडली. मास्तरांनी टाळीला विंगेतून नमस्कार केला.

वन्समोअरचं तर विचारूच नका. अर्जुनाची सासुरवाडी इचलकरंजीची, ती मिनीबस करून आली होती. त्यांनी पहिल्याच पदाला वन्समोअर दिला, पद संपायच्या आत. हे पाहून पहिल्या सुभद्रेकडच्यांनी दोन दिले. दुसऱ्या सुभद्रेची माणसं मध्यंतराची वाट बघत दबा धरून बसली होती. पूर्वी नाटकं पहाटेपर्यंत चालत, आमचं सभागृह मात्र रात्री साडेदहाला रिकामं करून द्यायचं होतं. शेवटी कृष्णानं एका अंकातली बरीच कारस्थानं “ते सगळं झालं असं समज” या एका वाक्यात उरकली. माझ्या शेजारच्या छोट्या मुलानं मध्यंतरानंतर आजीला विचारलं, “अर्जुनानं दुसरी बायको केली का?” आजी म्हणाली, “त्याला बऱ्याच होत्या.” महाभारताच्या दृष्टीनं उत्तर चुकीचं नव्हतं.

आणि पडदा? तो ओढायला आम्ही कॉलनीचे वॉचमन ठरवले होते. जत तालुक्यातले, मितभाषी, रात्रभर जागण्याची सवय असलेले. “दोरी ओढायची एवढंच ना साहेब?” म्हणाले होते. मला वाटलं, मिळाला एकदाचा माणूस! तिसऱ्या अंकाच्या शेवटी घंटा झाली, दिवे मंदावले, पडदा काही पडेना. अर्जुन त्याच पोझमध्ये उभा, त्याचा गुडघा थरथरतोय. मी विंगेत धावलो तर वॉचमन डोळे मिटून, दोरी छातीशी धरून, नुकतंच संपलेलं पद स्वतःशी म्हणत होते. गावच्या भजनी मंडळात वीस वर्षं गायलेला गळा. एकही सूर इकडे की तिकडे नाही. गुरुजींचा ऑर्गनही, जो स्वर गप्प असायचा त्यासकट, त्यांच्यामागे चालल्याचा मला भास झाला. गुरुजी मात्र ऑर्गन सोडून उठून उभेच राहिले होते.

दुसऱ्या दिवशीच्या सभेत वॉचमनना गायक सभासद करून घेण्याचा ठराव झाला. स्थानिक कलागुण सापडल्याबद्दल माझं अभिनंदनही झालं. पडद्याचं कुणीच काही बोललं नाही.

पुढच्या वर्षी ‘शारदा’ करायचं ठरतंय. १८९९ सालचं देवलांचं नाटक, लेखक मानधन मागायला येणार नाहीत, खजिनदार खूष. म्हातारा श्रीमंत भुजंगनाथ कोवळ्या मुलीशी लग्न करायला निघतो आणि तरुण कोदंड ते मोडायला, अशी गोष्ट. आमच्या सभासदांची वयं पाहता भुजंगनाथाची कमतरता पडू नये. तरी त्या रकान्यात अजून एकही नाव नाही. कोदंडासाठी मात्र बँकवाले, पोस्टवाले आणि घटोत्कच धरून सगळ्यांची नावं आली आहेत. काल रात्री फाटक उघडताना वॉचमननीही हळूच विचारलं, “साहेब, त्या कोदंडाला पदं किती असतात?”