सेंटर फॉरवर्डची कारकुनी

दादर-परळच्या बहुतेक महाविद्यालयांच्या जिमखान्यात, कॅरमचा तडकलेला बोर्ड आणि गतवर्षीच्या स्नेहसंमेलनाची पुठ्ठ्याची कमान यांच्या मधोमध जी एक लोखंडी खुर्ची असते, तिच्यावर अंगात एके काळी निळा असावा असा ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी आणि हातात केळ्यांचे व्हाउचर अशा थाटात जो पन्नाशी उलटलेला गृहस्थ विराजमान झालेला आढळतो, तो त्या महाविद्यालयाचा फुटबॉल-प्रशिक्षक होय. याचे पूर्वायुष्य कोणी सांगावे लागत नाही. सायंकाळी सहाच्या सुमारास दादरच्या पुलावर, जेथे भल्याभल्यांची पायगती गर्दीच्या मर्जीवर चालते, तेथे डावा खांदा किंचित झुकवून समोरच्यास उजवीकडे पाठवणारा आणि स्वतः डावीकडून सुटून तिकीटखिडकीपर्यंत निर्वेध पोहोचणारा कोणी दिसला, तर तो निःसंशय सेंटर फॉरवर्ड समजावा. त्याच्या मागून पिशव्या सांभाळत येणारी त्याची पत्नी मात्र पुलाच्या अलीकडेच अडकलेली असते. पण गोल करणाऱ्याने मागे वळून पाहू नये, हा त्याचा जुना शिरस्ता आहे.

या वर्गाची उत्पत्ती समजावयाची तर मुंबईच्या फुटबॉलचा इतिहास थोडा उलगडावा लागतो. 1891 साली सुरू झालेला रोव्हर्स चषक ही प्रथम गोऱ्या पलटणींची मिरास होती. 1937 साली बंगळूर मुस्लिम्स या नागरी संघाने तो जिंकला, तेव्हा कुठे देशी पायांस त्यावर वहिवाटीचा हक्क प्राप्त झाला. धोबीतलावाच्या आणि गिरगावच्या कुडांतून, म्हणजे गावकीच्या सामायिक बिऱ्हाडांतून, राहणाऱ्या गोवेकरांनी या खेळाचे वेड आसपासच्या गल्लीबोळांत पसरवले, आणि पावसाळ्यात क्रिकेट बंद पडल्यामुळे रिकाम्या झालेल्या लालबागच्या पोरांनी ते चिखलासकट अंगाला लावून घेतले. पुढे कॅल्टेक्स, टाटा, मफतलाल, रेल्वे, एअर इंडिया अशा बड्या आस्थापनांनी आपापले संघ उभारले. आणि आमच्या चरित्रनायकाने एका पावसाळ्यात, गुडघाभर पाण्यात, एका कंपनीच्या साहेबांदेखत दोन गोल मारल्याबरोबर त्याच कंपनीत ‘कनिष्ठ लिपिक’ या हुद्द्यावर त्याची तैनाती झाली.

लिपिक हा हुद्दा केवळ पगारपत्रकापुरता होता. सकाळी हजेरीपत्रकावर सही ठोकावी, कँटीनमध्ये कंपनीच्या खर्चाने अंडी खावी आणि दुपारच्या आत कूपरेजचा रस्ता धरावा, हा त्याचा नित्यक्रम. त्याच्या टेबलाच्या वरच्या खणात बुटांच्या नाड्या व खालच्या खणात पायमोजे असत. संपूर्ण नोकरीत त्याच्या हातून एकही कागद जावक झाला नाही, आणि तरीही त्याच्या बढत्या वेळच्या वेळी होत गेल्या, कारण त्याची गोपनीय टिप्पणी ऑफिसात नव्हे, तर गोलच्या जाळ्यात लिहिली जाई. शेजारच्या टेबलावरचा खराखुरा कारकून, जो याचेही काम इमानेइतबारे उपसत असे, त्याने एकदा भीतभीत विचारले, “दादा, हे आवक-जावक रजिस्टर जरा बघाल का?” तेव्हा आमच्या नायकाने त्या रजिस्टराकडे अशा कारुण्याने पाहिले की त्या बिचाऱ्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

परंतु कंपन्यांचे प्रेम ताळेबंदाच्या अखत्यारीत असते. ज्या महिंद्र युनायटेडने 2006 साली राष्ट्रीय लीगचे विजेतेपद मिळवले, तो संघदेखील 2010 साली बरखास्त झाला. मग लहानसहान संघांची कथा काय! आमच्या नायकाच्या कंपनीनेही एके दिवशी संघ मोडीत काढला आणि सर्व खेळाडूंनी आपापल्या टेबलांवर बसून नेमून दिलेले काम करावे, असा लेखी हुकूम काढला. ज्याने भल्याभल्या बॅकांच्या लाथा हसत सोसल्या, तो वीर त्या फायलींच्या ढिगासमोर तीन दिवसही टिकला नाही. चौथ्या दिवशी त्याने स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. तो अर्जही शेजारच्या कारकुनानेच लिहून दिला होता.

पुढे एका महाविद्यालयाने त्यास मानधनावर नेमले. मुलाखतीत प्राचार्यांनी गोलांची चौकशी केली नाही. त्यांनी प्रमाणपत्र मागितले. तेव्हा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा ‘डी’ परवाना मिळवण्यासाठी, आयुष्यभर डोळे मिटून चेंडू थांबवलेल्या या माणसास, पुत्रवत वयाच्या शिक्षकासमोर वही उघडून चेंडू कसा थांबवावा याचे टाचण लिहावे लागले. परंतु खरी परीक्षा रुजू झाल्यावर सुरू झाली. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत संघ उतरवावयाचा म्हणजे प्रत्येक खेळाडूचा प्रवेशअर्ज, बोनाफाइड, गुणपत्रिका, ओळखपत्र आणि छायाचित्रे, त्यावर प्राचार्यांची सही व गोल शिक्का; शिवाय वर्गात कधी न फिरकलेल्या राइट बॅकची हजेरी 75 टक्क्यांवर आणण्यासाठी प्रत्येक प्राध्यापकाच्या दारी करावयाची मिनतवारी ती निराळीच. महाविद्यालयास मैदान नाही. तेव्हा परळच्या सेंट झेवियर्स मैदानाच्या परवानगीची दरखास्त, मैदानाच्या भाड्याची तसलमात, आणि तसलमातीचा खुलासा. डझनभर केळ्यांचा भाव मागील वर्षापेक्षा जास्त का, या हिशेबतपासनिसाच्या आक्षेपावर त्याने प्रथम एका ओळीचा खुलासा दिला; तो परत आला. दुसऱ्या वर्षी त्याने श्रावणातील उपवास, गणपतीचा हंगाम आणि लालबागच्या बाजारातील आवक यांचा साद्यंत ऊहापोह करणारी दोन पाने लिहिली. ती विनाशर्त मंजूर झाली.

मैदानावरचे दुःख वेगळे. सहाच्या सरावास पोरे सातला येतात, कारण रात्री दोनपर्यंत त्यांनी युरोपातला सामना पाहिलेला असतो. त्यामुळे गार्डिओलाचा मधल्या फळीचा डावपेच त्यांस मुखोद्गत असतो, परंतु मैदानाला दोन फेऱ्या मारताना त्यांचा श्वास परळच्या नाक्यापर्यंत ऐकू जातो. गोपाळकाल्याच्या दुसऱ्या दिवशी सामना लागावा आणि गोलीने चौथ्या थरावरून खाली येताना मनगट मुरगळून घ्यावे, हा दरसालचा योग. भाद्रपद लागला की अर्धा संघ ढोलताशा पथकात आणि उरलेला मंडळाच्या रांगा लावण्यात गुंतलेला. अशा वेळी पाच खेळाडूंना तो अकरांची व्यूहरचना शिकवतो आणि रिकाम्या जागी पाण्याच्या बाटल्या उभ्या करतो. त्या बाटल्या सांगितलेली जागा सोडत नाहीत, हे तो पोरांना वारंवार ऐकवतो.

मध्यंतरातील त्याचे भाषण मराठीत सुरू होते, हिंदीत तापते, कोंकणी शिव्यांत उकळते आणि “प्ले सिंपल, बाबा!” या इंग्रजी विनवणीत निवते. त्यात दोन पुण्यस्मरणे ठरलेली. पहिले नेव्हिल डिसोझाचे : 1956 साली मेलबर्नच्या ऑलिम्पिकमध्ये या मुंबईकराने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले आणि भारत 4-2 असा जिंकला, हे सांगताना आमच्या नायकाचा चेहरा असा होतो की निदान एक पास त्यानेच दिला असावा, वस्तुतः त्याचा जन्म त्यानंतरचा. दुसरे स्मरण रहीमसाहेबांचे : हैदराबादचा हा शाळामास्तर देशाचा प्रशिक्षक झाला आणि त्याने 1951 व 1962 अशी दोनदा आशियाई सुवर्णपदके आणली, तस्मात शिक्षणसंस्थेत प्रशिक्षकाचे स्थान केवढे असावे, हे प्राचार्यांनी ओळखावे. एकदा त्याने अमेरिकेचाही दाखला दिला : तेथे काही विद्यापीठांत प्रशिक्षकाचा पगार कुलगुरूंहून अधिक असतो. प्राचार्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि केळ्यांच्या व्हाउचरवर तिकीट लावलेले नाही, याकडे त्याचे लक्ष वेधले.

तथापि माणूस कशाने मोठा होईल, याचा नेम नसतो. हल्ली महाविद्यालयाचे हेडक्लार्क अवघड पत्राचा मसुदा घेऊन जिमखान्यात येतात, “कोचसाहेब, जरा नजर टाकता का?” असे अदबीने विचारतात, आणि आमचा नायक शिट्टी बाजूस सारून ‘सविनय सादर’ पासून ‘कळावे’ पर्यंत एकेक ओळ जागच्या जागी बसवून देतो. ज्या कंपनीने त्यास इतकी वर्षे कारकून म्हणून पगार दिला, तिला त्याच्या रूपाने फुटबॉलपटू मिळाला. आणि जे महाविद्यालय फुटबॉलसाठी मानधन देते, त्यास एक अव्वल कारकून जवळजवळ फुकट पडला.

परवा संघातला उत्तम फॉरवर्ड रेल्वेच्या क्रीडा कोट्यातील भरतीसाठी शिफारसपत्र मागावयास आला. सरांनी खुर्ची सरकवून त्यास समोर बसवले, कोरा कागद दिला आणि पत्र त्यालाच लिहावयास सांगितले. पोरगा गोंधळला.

“सर, पण मला खेळायला घेणार आहेत ना? लिहायचं काम थोडंच करायचंय?”

“खेळशील तोवर नाही रे बाळा,” सर म्हणाले, “पण पुढे कोच व्हायचं असेल ना, तर समास सोडायला आत्तापासून शीक.”