सर्वकालीन संघाचे शिरस्तेदार

नारळी पौर्णिमेला मांडवीवर समुद्रास नारळ अर्पण झाला, की रत्नागिरीत दोन हंगाम उघडतात. पहिला मिरकरवाड्याच्या मच्छीमारांचा. त्यात माणसे भिजतात, जाळी फाटतात आणि कधीकधी सुरमई मिळते. दुसरा ओटीवर भरतो, आणि ज्यांनी बॅट हाती धरल्याचे गावातील एकाही वृद्धास स्मरत नाही, परंतु दिवंगत व विद्यमान अशा यच्चयावत खेळाडूंवर ज्यांची हुकमत निर्वेध चालते, अशा सेवानिवृत्त गृहस्थांच्या हाती त्याचा सर्व कारभार असतो. हा गृहस्थ कोकणात दर आळीस एक या प्रमाणात आढळतो. आमच्या आळीच्या वाट्यास आलेले गृहस्थ जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले, आणि ज्यावर शेरा मारावा असे एकही प्रकरण हाताशी उरले नाही तेव्हा त्यांनी आपल्या मनोराज्यात एक सर्वकालीन क्रिकेट स्पर्धा मंजूर करून घेतली. तिच्यात प्रत्येक खेळाडू आपल्या भर बहरात खेळतो. मरण ही सबब ग्राह्य धरली जात नाही.

आता त्यांचे चुलते, मेहुणे, भाचे असे सारे गोत गिरगावात आणि लालबागेत नांदते, आणि त्या गोताची सारी माया मुंबई संघावर. परंतु क्रिकेटच्या कारभारात रत्नागिरी जिल्हा महाराष्ट्राच्या संघटनेकडे, म्हणजे पुण्याच्या हद्दीत, मोडतो; आणि हद्दीचा प्रश्न आला की शिरस्तेदारांचे अंतःकरण तात्काळ तहकूब होते. म्हणून पुणेकरांविषयीचे आपले खाजगी मत (जे येथे नमूद करण्याजोगे नाही) बाजूस ठेवून ते महाराष्ट्राच्या सर्वकालीन संघाचे पालकत्व निष्ठेने सांभाळतात, आणि दरसाल त्याच्या आगामी हंगामाचा अहवाल फुलस्केप कागदावर समास सोडून लिहितात.

यंदाच्या अहवालात कर्णधारपद अर्थातच प्रा. दि. ब. देवधरांकडे आहे. 1939-40 आणि 1940-41 अशी लागोपाठ दोन वर्षे ज्यांनी महाराष्ट्राला रणजी करंडक मिळवून दिला आणि अठ्ठेचाळिशी गाठल्यावर मुंबईच्याच गोलंदाजीवर 246 धावा काढल्या, त्यांच्या नेमणुकीस हरकत घेणारा मनुष्य आमच्या ओटीवर अद्याप चढलेला नाही. भाऊसाहेब निंबाळकरांच्या नावापुढे मात्र तांबड्या शाईची रेघ आहे. डिसेंबर 1948 मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्ध ते 443 धावांवर नाबाद होते, ब्रॅडमनचा 452 चा विक्रम नऊ धावांवर उभा होता, आणि नेमक्या त्याच वेळी प्रतिपक्षाने सामना सोडून घरची वाट धरली. हे प्रकरण शिरस्तेदारांच्या लेखी आजतागायत प्रलंबित आहे. ‘प्रतिवादी गैरहजर राहिला म्हणून वादीचे नुकसान का व्हावे?’ असा त्यांचा सवाल असतो, आणि दर हंगामाचा पहिला सामना ते काठेवाडशीच ठेवतात. त्यात निंबाळकरांच्या उरलेल्या धावा होईपर्यंत मैदानाची फाटके कुलूपबंद राहतात.

विजय हजारे सांगलीचे, पण खेळले बडोद्याकडून फार. सबब ‘मालकी महाराष्ट्राची, ताबा बडोद्याचा’ असा निकाल देऊन त्यांना नाइलाजाने वगळण्यात आले. बापू नाडकर्णींचे नाव निघाले की शिरस्तेदार क्षणभर पानाचा डबा बंद करतात. मद्रासला 1964 साली इंग्लंडविरुद्ध लागोपाठ 21 निर्धाव षटके टाकणारा, सरकारी तिजोरीइतकाच हात आखडता असलेला हा गोलंदाज महाराष्ट्राचा, आणि तो मुंबईला निघून गेला! यंदा त्यांना मुंबईस जाण्यापूर्वीच्या वयात हजर करण्यात आले असून परवानगीवाचून हद्द सोडण्यास मनाई आहे. जलदगतीच्या बाबतीत अहवाल थोडा घाईचा वाटतो. पदार्पणातच एका डावात नऊ बळी घेणाऱ्या वसंत रांजणे यांच्यावर सारी भिस्त टाकून शिरस्तेदार पुढच्या परिच्छेदाकडे वळतात. दुसऱ्या टोकाने कोण, हे विचारणाऱ्यास चहा उशिरा मिळतो.

न्यू जर्सीहून आलेल्या त्यांच्या नातवाने गेल्या खेपेस एक बातमी सांगितली. अमेरिकेत म्हणे बेसबॉलचे असेच सामने घरबसल्या होतात. 1951 पासून एपीबीए आणि 1961 पासून स्ट्रॅट-ओ-मॅटिक या नावाचे खेळ मिळतात, प्रत्येक खेळाडूचे एक कार्ड असते, आणि फासे टाकून त्याचा फटका ठरवतात, त्यामुळे बेब रूथ कोणत्याही युगातल्या गोलंदाजापुढे उभा करता येतो. शिरस्तेदारांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, ‘बाळा, फाशांवर निकाल सोपवल्याने हस्तिनापुरात काय झाले ते तुझ्या आजीला विचार. आमच्याकडे निकाल पुराव्यावर होतो.’

आणि पुरावाच दरसाल त्यांचा घात करतो. मुंबईने 1958-59 पासून सलग पंधरा वर्षे करंडक सोडला नव्हता. 1948-49 च्या उपान्त्य सामन्यात पुण्यात मुंबईविरुद्धच महाराष्ट्राने दोन डावांत मिळून 1011 धावा केल्या, तरी तो 354 धावांनी हरला. होळकर संघाने 1945-46 मध्ये म्हैसूरविरुद्ध 8 बाद 912 धावा केलेल्या, त्यात सहा जणांची शतके. स्वतःच कल्पिलेल्या स्पर्धेत स्वतःचा संघ जिंकवावा एवढेही या सत्त्वस्थ मनुष्यास जमत नाही, याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे. आमच्यातले दुसरे कोणी असते, तर पहिल्याच वर्षी विजेता ठरवून पेढे वाटून मोकळे झाले असते.

तोड काढण्याचा एक प्रयत्न मात्र त्यांनी केला. सुनील गावसकरांचे मूळ गाव वेंगुर्ले, आणि 1981 साली सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत वेंगुर्ले रत्नागिरी जिल्ह्यात होते. तेव्हा 1971 मध्ये कसोटीत पदार्पण करतेवेळी हा इसम मुळाने आपल्याच जिल्ह्याचा ठरतो, सबब त्यास महाराष्ट्राच्या संघात वर्ग करावे, असा अर्ज शिरस्तेदारांनी रीतसर लिहिला, स्वतःच दाखल करून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून सुनावणीस बसले. अर्जदारातर्फे ते तासभर बोलले. निवृत्त मास्तर साक्षीस होते. ते सांगतात की युक्तिवाद अतिशय प्रभावी झाला, एकदा तर शिरस्तेदारांचा कंठही दाटून आला. मग त्यांनी चष्मा पुसला आणि निकाल वाचला की, सदर खेळाडूचा जन्म मुंबईचा, खेळही मुंबईकडून, मूळ गावावरून हद्द ठरत नाही. सबब अर्ज खर्चासह नामंजूर. खर्च म्हणून त्यांनी त्या दिवशीचा स्वतःचा दुपारचा चहा मास्तरांना देवविला.

‘म्हणजे यंदाही तिसरे?’ मास्तरांनी बशी खाली ठेवत विचारले.

‘तिसरे,’ शिरस्तेदार म्हणाले. ‘अपिलाची मुदत दसऱ्यापर्यंत आहे.’